हात कोणी कोणाचा धरलाय?

आजचे वाचन: मार्क ९:१४-२९, मार्क २:१-१२, इफिसकरांस पत्र २:८-९



मागच्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर चहा पिताना माझ्या चुलत बहिणीने मला विचारलं, "दादा, आजीला आता येशू कोण तेच आठवत नाही. मग तिचं तारण अजून आहे ना?"

आमची आजी मूळची अहमदनगरची. तिचं पवित्र शास्त्र वाचून वाचून बांधणीतून सुटलं, तरी तिने नवीन घेऊ दिलं नाही. आम्हा सगळ्या नातवंडांना तिने प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली. गेली तीन वर्षं तिला डिमेन्शिया आहे. स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या बाबांना, ती विचारते, "तुम्ही कोणाचे?" जेवणाआधी डोळे मिटायचे असतात, हेही आता तिला सांगावं लागतं.

मी बहिणीला पटकन म्हणालो, "अगं, तिने आधीच विश्वास ठेवलाय. झालं की." तीसुद्धा इंजिनिअरिंग करतेय. म्हणाली, "म्हणजे एकदा सेव्ह केलं की झालं? मग मी रोज कशाला धडपडतेय?"

मला उत्तर आलं नाही. आठवडाभर ऑफिसच्या कॉलमध्येही तोच प्रश्न डोक्यात होता. म्हणून आज त्यावरच लिहितो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात तारण म्हणजे एक इफ-एल्स असतं. विश्वास असेल तर आत, नसेल तर बाहेर. आणि तो विश्वास कोणी ठेवायचा? मी. म्हणजे सगळी डिपेंडन्सी शेवटी माझ्यावर. पण मग ज्या दिवशी माझा विश्वास डळमळतो, किंवा आजीसारखी स्मृतीच जाते, त्या दिवशी काय?

आधी एक छोटा प्रयोग करा. बाहेर कडक ऊन असताना "पाऊस पडतोय" असा मनापासून विश्वास ठेवून बघा. जमणार नाही. विश्वास हा बटण दाबून चालू करता येत नाही. आपण निवडू शकतो ते वेगळंच असतं: कोणाजवळ जायचं, कोणाचं ऐकायचं, दार उघडायचं की नाही. विश्वास आणि निवड या दोन गोष्टी आपण सरसकट एक समजतो, आणि तिथेच घोळ होतो.

मार्कच्या ९ व्या अध्यायातला बाप बघा. मुलगा लहानपणापासून आजारी, आत्म्याने पछाडलेला, बोलताही येत नाही. शिष्यांनी हात टेकलेत. बाप येशूला म्हणतो, तुला काही करता येत असेल तर कर. त्याच्या बोलण्यात "तर" आहे, खात्री नाही. येशू त्याला विश्वासाबद्दल बोलतो तेव्हा तो ओरडून कबूल करतो की माझा विश्वास आहे आणि माझ्यात अविश्वासही आहे, त्यावर तूच उपाय कर. एका दमात दोन्ही! आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रू पण आणि फॉल्स पण. आणि येशू काय करतो? "आधी विश्वास पूर्ण करून ये" म्हणून त्याला परत पाठवत नाही. त्याच क्षणी मुलाला बरं करतो.

बापाने निवड केली होती, मुलाला घेऊन आला होता. पण विश्वास त्याला मागावा लागला, आणि तोही येशूकडेच. आणि मुलगा? त्याने ना विश्वास ठेवला, ना निवड केली. त्याला तर आणलं गेलं.

तुम्ही म्हणाल, हे बरं होणं आहे, तारण नव्हे. रास्त शंका आहे. म्हणून मार्कचा दुसरा अध्याय वाचा. कफर्णहूममध्ये चौघे जण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे छप्पर उसकतात आणि त्याला खाली सोडतात. मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. "त्यांचा", अनेकवचन. आणि आधी काय दिलं? पायांत बळ नाही, पापांची क्षमा.

पौल इफिसकरांना लिहितो की तारण कृपेने आहे, विश्वासाच्या वाटेने येतं, आणि ते देवाचं दान आहे. कोणाला मिरवायला जागा नाही. त्याच पत्रात सुरुवातीलाच खंडणीची गोष्ट आहे. आज "खंडणी" म्हटलं की पेपरातली गुंडांची बातमी आठवते. पण पवित्र शास्त्रात हा शब्द गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी भरलेल्या किमतीचा आहे. ती किंमत कैदी भरत नाही. त्याच्याकडे भरायला काही असतं तर तो कैदेत कशाला राहिला असता? विश्वास ही किंमत नव्हे. दिलेलं घ्यायला पुढे झालेला हात म्हणजे विश्वास.

मग निवडीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो भारी आहे. मार्कच्या १० व्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशूला त्याच्याबद्दल प्रेम वाटतं, असं मार्क मुद्दाम सांगतो. तरी तो खिन्न होऊन निघून जातो, आणि येशू त्याला जाऊ देतो. मागे धावत नाही, अट सैल करत नाही, जबरदस्ती करत नाही. ज्या प्रेमाला "नाही" म्हणता येत नाही, ते प्रेम कसलं?

हा वाद काही आपल्यापासून सुरू झालेला नाही. पाचव्या शतकात पेलागियस म्हणत होता की माणूस स्वतःच्या इच्छेने चांगलं निवडू शकतो. ऑगस्टीन म्हणत होता की ती इच्छाच आजारी आहे, आधी तिला बरं करायला हवं. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने पेलागियसची शिकवण नाकारली. ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेने म्हटलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. पण देवाने कोणाला दुष्टाईसाठी नेमून ठेवलंय, हेही त्या सभेने साफ नाकारलं. हजार वर्षांनी, १५२४-२५ मध्ये, इरास्मस आणि ल्यूथर याच मुद्द्यावर पुन्हा भिडले.

आपल्या मराठी मातीतलं उदाहरण घ्या. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन प्रवासी भेटला, बोलणं झालं आणि त्याने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ती निवड त्यांची होती, आणि तिची किंमतही मोठी होती: आप्त दुरावले, काही वर्षं पत्नीही दुरावली. पण तो प्रवासी त्यांनी निवडला होता का? तो डबा? लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा वेळ घेतला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. एकाच घरात दोन वेगळ्या वाटा, दोन खऱ्या निवडी, आणि दोन्हींच्या आधीपासून तिथे असलेली कृपा.

म्हणून मी इथवर आलोय: माझं "नाही" पूर्णपणे माझं असू शकतं. पण माझं "हो" हे नेहमी उत्तर असतं. आधी कोणीतरी हाक मारलेली असते. हे गणित दोन्ही बाजूंनी सारखं सुटत नाही, हे मला कळतं. माझ्यातल्या इंजिनिअरला ते खटकतं. जिने कधी हाकच ऐकली नाही तिचं काय, असा पुढचा प्रश्नही उभा राहतोच. तिथे मी न्याय प्रभूच्या हातात सोडतो, कारण क्रूसावर शेजारच्या अपराध्याला शेवटच्या घटकेला आत घेणारा तोच आहे.

बुधवारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. आजीला ते कोण, हे ओळखता आलं नाही. पण भाकरीचं ताट जवळ येताच तिने हात पुढे केला. भाकर घेतली, मग बाबांकडे बोट दाखवून म्हणाली, "या मुलालाही द्या." हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. ऐंशी वर्षांची सवय असेल. पण बाबा रडले, आणि मला तो चौघांनी उचललेला माणूस आठवला. इतकी वर्षं आजीने आम्हाला उचललं. आता तिची खाट आम्ही धरायची.

रात्री बहिणीला मेसेज केला: "आजीने येशूला धरलंय म्हणून नाही गं, येशूने आजीला धरलंय म्हणून. आणि तू धडपडतेस ती तारण मिळवायला नाही. ज्याने हात धरलाय, त्याच्याबरोबर चालायला." तिने उत्तर पाठवलं, "मग उद्या आजीला वचन वाचून दाखवायला मी येते."

आज एवढंच करा: ज्याने तुम्हाला कधीतरी प्रभूपर्यंत उचलून आणलं, त्या एका माणसाला फोन करा. आणि आज ज्याला चालता येत नाही, अशा एकाचं नाव प्रार्थनेत घ्या.

प्रार्थना: प्रभू येशू, माझा विश्वास तुला माहीत आहे आणि माझा अविश्वासही. दोन्ही घेऊन मी आलोय. माझी पकड सुटेल तेव्हा तुझी सोडू नकोस. ज्यांना तुझं नावही आता आठवत नाही, त्यांची नावं तू विसरू नकोस. आमेन.