एका गवतात जीव किती?

स्वालबार्ड, आइसलँड, नॉर्वेचे डोंगर आणि आल्प्सचे उंच उतार अशा थंड मुलखात पोआ अल्पिना नावाचे वीतभर गवत उगवते. लिनियसने १७५३ साली त्याला हे नाव दिले. त्याच्या एका प्रकारात फुलोरा येतो, पण दाणा धरत नाही. लोंबीत फुले उमलायची तिथेच चिमुकली हिरवी पाती फुटतात आणि देठावरच रोपे तयार होतात. ती उन्हावर स्वतःचे अन्न करू लागतात; पाणी मात्र आईच्या देठातूनच येते. शेवटी भाराने देठ लवतो, रोपे ओल्या मातीला टेकतात आणि मूळ धरतात. उन्हाळा इतका तोकडा, की दाणा पिकण्याआधीच बर्फ पडायची धास्ती; तिथे तयार रोपच टाकलेले बरे. परागाचा संबंध नसल्याने प्रत्येक रोपात वारसा आईचाच. मग उतारभर पसरलेल्या या गवतात जीव एक की हजार?

वारसा एक म्हणून जीव एक, हे उत्तर टिकत नाही. तसे असते तर एकसारख्या जुळ्यांपैकी एक गेल्यावर कोणीच गेले नाही असे म्हणावे लागेल. माझ्या मते वेगळेपण रूपात किंवा वारशात नसते. ज्याला वेगळे मरता येते, तो वेगळा. देठावरच्या रोपाचे पाणी आईकडचे, म्हणून तिच्यासोबत तेही वाळते. मुळे धरल्यावर त्याचे हिमदंश आणि त्याची तहान फक्त त्याची. जैन विचारवंतांनी वनस्पतींचे ‘प्रत्येक’ आणि ‘साधारण’ असे भेद केले, तेव्हा ‘साधारण’ची खूण हीच मानली: एकाच शरीरातल्या अनंत जीवांचा आहार, श्वास, जन्म, मरण सारे सामाईक. कांदा-बटाटा वर्ज्य करण्यामागे हीच मोजणी आहे. ती पटो न पटो, शरीर मोजले म्हणजे जीव मोजले असे त्यांनी धरले नाही, हे महत्त्वाचे.

यावर खरी अडचण अशी, की एकाच ठोंबातला एखादा फुटवाही एकटा वाळतो. मग तोही स्वतंत्र जीव का? आक्षेप रास्त आहे, आणि त्यापुढे मला माझे म्हणणे थोडे सैल करावे लागते. फुटव्यांना शेजाऱ्याकडून पाणी-अन्न मिळू शकते, म्हणून त्यांचे मरण अर्धेच स्वतःचे. म्हणजे वेगळेपण आहे-नाही असे नसून कमी-जास्त असते. गवताला जाणीव नाही, तेव्हा ‘कोण’ हा प्रश्नच फोल, असेही कोणी म्हणेल. पण गर्भाची नाळ तुटते तेव्हा त्यालाही ‘मी’ची जाणीव नसते, आणि तरी आपण त्या क्षणापासून दोन माणसे मोजतो.