वाटेवरचं गाव

सकाळी चहाचं आधण ठेवताना आपण कळ फिरवतो आणि जाळ लागतो. तो कुणी आणि कुठून पोचवला, हे मनात येत नाही. उबेला तिचं गाव विचारायची सवय माणसाला नाही.

पॅरिसलाही ती नसावी. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे 300 वर्षं पॅरिसच्या घराघरांत जळणारं पुष्कळसं लाकूड मोर्वाँ नावाच्या डोंगराळ भागातून यायचं. त्या वाटेवर, योन आणि बव्हराँ या नद्यांच्या संगमाशी, क्लामसी हे छोटं गाव आहे.

डोंगरात झाड तोडलं की ओंडक्याच्या टोकावर मालकाची खूण हातोड्यानं ठोकत. तळ्यांत अडवलेलं पाणी सोडत आणि ओंडके ओढ्यात लोटून देत. कोणता कुणाचा, हे पाण्याला ठाऊक नसे. सगळे मिसळून वाहत येत. क्लामसीला त्यांना अडवत. पुरुष, बायका, मुलं आकड्यांनी ते काठावर ओढत, खुणा पाहत, ज्याचे त्याचे ढीग रचत. मग ओंडके बांधून 70 मीटरहून लांब तराफे होत. तराफेवाले ते सुमारे 200 किलोमीटरवरच्या पॅरिसला नेत आणि पायी घरी परतत.

जंगल या गावाचं नव्हतं. चूलही त्याची नव्हती. त्याच्या वाट्याला आलं ते निवडणं, बांधणं, पुढे धाडणं. आलेलं त्यानं स्वतःचं मानलं नाही आणि परकं म्हणून वाहूनही जाऊ दिलं नाही.

याच गावानं बेथलेहेमच्या बिशपांना आसरा दिला. पवित्र भूमीतून बाहेर पडावं लागलंच तर त्यांना ठिकाण असावं, म्हणून नेव्हेरच्या एका उमरावानं क्लामसीतलं रुग्णालय त्यांच्या नावे करून ठेवलं होतं. ती वेळ आली. तेराव्या शतकापासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत दूरच्या बेथलेहेमचं धर्मपीठ या नदीकाठी नांदलं.

1866 मध्ये लेखक रोमाँ रोलाँ इथेच जन्मले. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांचा द्वेष करत होते, तेव्हा त्यांनी द्वेषाच्या वर उठायला सांगितलं आणि स्वकीयांचे कडू बोल सोसले. युद्धानंतर त्यांनी गांधीजींवर पुस्तक लिहिलं, पुढे रामकृष्ण आणि विवेकानंदांवर. कितीतरी युरोपीय वाचकांना गांधीजी पहिल्यांदा भेटले ते त्यांच्या शब्दांतून. गावाचा स्वभाव माणसात उतरतोच, असं नाही. तरी एका काठाचं दुसऱ्या काठाला पोचवणारा हा माणूस क्लामसीचा होता, याचा मला आनंद वाटतो.

कोळसा आला, रेल्वे आली. 1923 नंतर ओंडके वाहत आले नाहीत. काम थांबलं, पण ते उणं ठरलं नाही.

आपणही बहुतेक वेळ मध्येच असतो. भाषा आधीच्यांची, मुलं पुढच्या काळाची. शिकलेलं कुणाकडून तरी आलेलं, शिकवलेलं कुणाकडे तरी जाणारं. हाती येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर कुणाची ना कुणाची खूण असते. ती वाचायची, जे मोकळं आहे ते नीट बांधायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं. एवढ्यानंही आयुष्य भरून जातं.