नांदवतही नाही, सोडतही नाही

तलाकवर आपल्या समाजात पुष्कळ बोलले गेले. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. 2002 साली दगडू पठाण खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बजावले की, 'तलाक दिला' एवढे म्हणून भागत नाही. कारण आणि आधी झालेला समेटाचा प्रयत्नही सिद्ध करावा लागतो. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला.

पुरुषाच्या जिभेला लगाम बसला. पण त्याच्या मौनाचे काय?

समजा, कुंभवलीत भाड्याच्या खोलीत राहणारी एक बहीण आहे. नवरा तारापूरच्या कारखान्यातले काम सोडून निघून गेला. खर्च पाठवत नाही, नांदायला नेत नाही आणि तलाकही देत नाही. त्याने तोंडातून शब्दच काढलेला नाही, म्हणून 2019 चा कायदा त्याला लागू होत नाही. शेजारपाजारचे तिलाच म्हणतात, "सबर कर, घर मोडू नकोस."

सबर मोठा गुण आहे, पण तो ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्यावर लादलेला सबर म्हणजे जुलूमच. पत्नीला अधांतरी लटकत ठेवू नका, अशी ताकीद सूरह निसामध्ये आहेच.

तिला वाटा आहेत. खुला आहे, दोघांच्या राजीखुशीचा मुबारात आहे. निकाहनाम्यात तफवीजची अट घातली असेल, तर तलाकचा अधिकार तिच्याही हाती येतो. नवरा दादच देत नसेल तर 1939 चा कायदा आहे. दोन वर्षे खर्च दिला नाही किंवा चार वर्षे पत्ता लागला नाही, तर तिला न्यायालयात फस्ख मागता येतो. हा कायदा शरीयतच्या बाहेरचा नव्हे. मालिकी मताच्या आधाराने तो झाला.

काहीजण म्हणतील, अशाने घरे मोडतील. पण ते घर नवरा गेला तेव्हाच मोडले. न्यायालय फक्त त्याची नोंद करते.

निकाहाच्या दिवशी साक्षीला आपण हौसेने उभे राहतो. ती वकिलाकडे जायला निघते, त्या दिवशी आपण कुठे असतो?