अजाण लेकरांचा बाप्तिस्मा

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. ज्या तान्ह्या लेकरास पाप काय व तारण काय हे ठाऊक नाही, त्याच्या मस्तकी पाणी घालून काय लाभ? विश्वास आधी व बाप्तिस्मा मागून असेच ना? प्रश्न प्रामाणिक आहे. विचारणाऱ्यास दटावून गप्प बसविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

शेतकरी वाचकांस एक दाखला देतो. बाप वारला म्हणजे अज्ञान पोराचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर चढते. त्याला नांगर धरता येत नाही, आपला बांध कोणता हेही तो जाणत नाही. तरी जमीन त्याचीच. मात्र 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव सोबत लागते, आणि पोर सज्ञान झाल्यावर ते कमी करता येते. वतन त्याने कमावले नाही, त्यास मिळाले.

देवाचा करारही असाच आहे. अब्राहामाने प्रथम विश्वास ठेवला व मागून सुंतेची खूण घेतली; इसहाकास ती आठव्या दिवशीच मिळाली, विश्वास पुढे आला. करार एकच. पन्नासाव्या दिवशी पेत्राने अभिवचन सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यांची मुलेबाळे त्यातून वगळली नाहीत. फिलिप्पै येथे लुदिया व बंदिशाळेचा नायक ह्यांचा घराण्यासुद्धा बाप्तिस्मा झाला. त्या घरांत तान्ही मुले होती असे शास्त्रात लिहिलेले नाही, हे खरे. परंतु प्रभूने घरेच्या घरे आपलीशी केली हे उघड आहे.

सुमारे इ. स. २०० मध्ये तर्तुल्यनाने लेकरांचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकावा असे लिहिले. चाल नसती तर हे लिहिण्याचे कारणच काय? पुढे इ. स. २५३ च्या सुमारास कार्थेज येथे सिप्रियन व सहासष्ट अध्यक्ष जमले, तेव्हा वाद एवढाच होता की आठव्या दिवसापर्यंत थांबावे की काय. थांबू नये असे ठरले.

जे केवळ जाणत्यांनाच बाप्तिस्मा देतात, तेही आमचे बंधूच. १९७० साली नागपुरास उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, त्यात दोन्ही रीतींस जागा दिली गेली.

आमचे दुःख निराळेच आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी नवे आंगडे, पाहुणे, जेवणावळ. आणि दुसऱ्या दिवसापासून घरात ना प्रार्थना, ना शास्त्रवाचन. जो पालनकर्ता वारसाची जमीन पडीक ठेवतो, त्यास गाव काय म्हणते? उपदेशक बंधूंनो, तारीख नेमण्यापूर्वी त्या घरी दोन संध्याकाळ तरी जाऊन बसा. आईबाप कोणते वचन देणार आहेत ते त्यांच्याच तोंडून ऐका.

आणि ज्या माउलीचे लेकरू बाप्तिस्म्याआधीच गेले, तिला कोणी भय घालू नये. दाविदाचे बाळ सातव्या दिवशी मरण पावले. कित्येक टीकाकार तो जन्मापासूनचा सातवा दिवस समजतात, म्हणजे सुंतेची खूण त्यास मिळालीच नव्हती. तरी दाविदाने उठून स्नान केले, मंदिरात जाऊन भजन केले, आणि आपण त्या बाळाकडे जाऊ असे चाकरांस सांगितले.