करारनाम्यातील मूल

शिक्षकाच्या नोकरीचा करार रूढ समजुतीप्रमाणे दोनच पक्षांमध्ये होतो; एका बाजूला शाळा चालवणारे मंडळ किंवा संस्था असते, दुसऱ्या बाजूला शिक्षक किंवा त्याची संघटना असते, आणि वेतन, रजा, बढती, निवृत्तिवेतन यांविषयीच्या कलमांवर दोघांच्या सह्या झाल्या की करार पूर्ण झाला असे मानले जाते. परंतु शाळेत एक तिसरा पक्ष असतो, ज्याची सही कुठेही घेतली जात नाही आणि तरीही करारातील प्रत्येक उणीव ज्याला सर्वांत आधी सोसावी लागते. 45 मुलांच्या वर्गात निबंधाच्या एका वहीला चार मिनिटे दिली, तरी एका निबंधासाठी शिक्षकाचे तीन तास जातात; तेच 28 मुलांच्या वर्गात दोन तासांच्या आत काम आटोपते. हा फरक वरवर पाहता शिक्षकाच्या श्रमाचा आहे, पण वहीच्या समासात चुकीची नुसती खूण मिळणार की ती कशी सुधारावी हे सांगणारी दोन वाक्ये मिळणार, हे त्यावरच ठरते. म्हणून शिक्षकाच्या कामाच्या अटी आणि मुलाच्या शिकण्याच्या अटी या एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत, हे आधी मान्य करावे लागते.

या विचाराची सर्वांत ठळक कसोटी अमेरिकेत लागली. तेथे अनेक राज्यांत सरकारी शाळांच्या शिक्षकांना सामूहिक सौद्याचा, म्हणजे संघटनेमार्फत एकत्रितपणे वाटाघाटी करून सर्वांना लागू होणारा करार करण्याचा, कायदेशीर हक्क आहे. 1959 मध्ये विस्कॉन्सिन राज्याने सार्वजनिक कर्मचाऱ्यांना असा हक्क देणारा पहिला राज्य कायदा केला. मात्र वाटाघाटींच्या विषयांची तेथे वर्गवारी असते: काही विषयांवर बोलणे मालकावर बंधनकारक असते, तर काहींवर त्याची इच्छा असेल तरच बोलता येते. वेतन पहिल्या वर्गात निर्विवाद बसते. वर्गातील मुलांची संख्या मात्र नोकरीची अट की शैक्षणिक धोरण, हा वाद राज्याराज्यांत वेगवेगळ्या रीतीने सुटला आहे. इलिनॉय राज्याने 1995 च्या कायद्याने शिकागोपुरता हा विषय बंधनकारक वाटाघाटींच्या बाहेर ठेवला आणि ही मर्यादा 2021 पर्यंत टिकली. विस्कॉन्सिनने तर 2011 मध्ये बहुतेक सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटी मूळ वेतनापुरत्या आवळल्या. जेथे पगाराशिवाय काहीच बोलता येत नाही, तेथे मुलाच्या गरजेला करारात शिरायला दारच उरत नाही.

शिकागोच्या शिक्षक संघटनेने ही चौकट आतून रुंदावली. 2012 च्या संपाआधी तिने शहरातील मुलांना कशा शाळा मिळायला हव्यात याचा सविस्तर अहवाल मांडला आणि ऑक्टोबर 2019 मध्ये 11 शालेय दिवस चाललेल्या संपानंतर जो करार झाला, त्यात प्रत्येक शाळेला टप्प्याटप्प्याने एक परिचारिका व एक समाजकार्यकर्ता देण्याचे, मोठे वर्ग लहान करण्यासाठी दरवर्षी 3.5 कोटी डॉलर खर्च करण्याचे आणि बेघर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमण्याचे बंधन मंडळाने स्वीकारले. त्याच वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये सहा शालेय दिवसांच्या संपाने शाळांना पूर्णवेळ परिचारिका, माध्यमिक शाळांना ग्रंथपाल आणि अधिक समुपदेशक मिळवून दिले.

परिचारिकेचे हे कलम जवळून पाहण्यासारखे आहे. मधुमेह असलेल्या मुलाला जेवणापूर्वी साखर तपासून इन्सुलिन घ्यावे लागते आणि ती गरज आठवड्याचा वार पाहून येत नाही. परिचारिका आठवड्यातून एखाददुसराच दिवस येत असेल, तर उरलेल्या दिवसांचा भार आईने काम सोडून शाळेत येण्यावर किंवा शिक्षिकेने वर्ग सोडून जाण्यावर पडतो. लॉस एंजेलिसच्याच जुन्या करारात वर्गाच्या आकाराची मर्यादा होती, पण विशिष्ट परिस्थितीत ती ओलांडण्याची मुभा मंडळाला देणारे एक कलमही होते, आणि या मुभेमुळे मर्यादा नावापुरती उरली होती. 2019 च्या तडजोडीत ते कलम वगळले गेले, ही त्या संपाची वेतनवाढीपेक्षा टिकाऊ कमाई होय.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. शाळेचे धोरण लोकप्रतिनिधींनी उघडपणे ठरवावे, बंद खोलीत एका संघटनेशी सौदा करून ठरवू नये. शिवाय संघटना सभासदांची असते, मुलांची नव्हे, आणि संपाच्या काळात शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांचेच हाल होतात. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. त्याचे उत्तर इतकेच की मुलाच्या नावाने मांडलेले प्रत्येक कलम एका कसोटीवर घासून पाहावे: त्यात आकडा आहे का, जबाबदार व्यक्ती आहे का, मुदत आहे का, आणि ते मोडले तर साध्या पालकालाही ते ओळखता येईल का? ‘विद्यार्थ्यांचे हित सर्वोपरी राहील’ हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही. ‘प्रत्येक शाळेत रोज परिचारिका हजर राहील’ हे टिकते.

महाराष्ट्रात चित्र उलटे आहे. येथे मुलाची गरज कायद्यात लिहिलेली आहे, पण शिक्षकाच्या नेमणुकीच्या कागदावर ती उतरलेली नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्राथमिक वर्गांसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे किमान एक शिक्षक सांगतो, आठवड्याचे 45 तास ठरवताना त्यात पाठाच्या तयारीचा वेळ धरतो आणि जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता अशैक्षणिक कामांना मनाई करतो. दुसरीकडे खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम आणि 1981 ची नियमावली नेमणूक, परिवीक्षा, शिस्तभंग यांची बारकाईने काळजी घेतात. या अधिनियमाखाली शाळा न्यायाधिकरणाकडे बडतर्फी, पदावनती किंवा बढतीत डावलले जाणे यांविरुद्ध दाद मागता येते. एका वर्गात 60 मुले कोंबली म्हणून मात्र शिक्षकाला तेथे उभे राहता येत नाही. मुलाच्या हक्काची तक्रार वेगळ्या वाटेने, स्थानिक प्राधिकरणाकडे, जाते. संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याची प्रक्रिया, हीच काय ती दोन्हींना जोडणारी कडी. पण तिच्यात मूल संख्येपुरतेच मोजले जाते.

ही फट बुजवायला संपाची गरज नाही. नेमणुकीच्या आदेशात वर्गाच्या पटाची कमाल मर्यादा, तयारीचे राखीव तास आणि अशैक्षणिक कामाला नकार देण्याचा हक्क ही तीन कलमे लिहिली जावीत, ती मोडल्यास शिक्षकाला न्यायाधिकरणाकडे जाता यावे, आणि त्या आदेशातील ही कलमे शाळेच्या फलकावर पालकांना वाचता येतील अशी लावली जावीत. संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाशेजारीच ही कलमे मांडावीत आणि संस्थाचालकांनी ती शिक्षकांची सवलत न समजता मुलाचे देणे समजून मान्य करावीत. ज्याची सही घेतली जात नाही, त्याचा हिस्सा करारात आधी लिहिणे हे सही करणाऱ्या दोघांचेही कर्तव्य आहे.