वीर्यतपासणीचा आकडा

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की तपासण्या बाईपासून सुरू होतात. रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, कधी थेट दुर्बिणीची शस्त्रक्रिया. नवऱ्याची वीर्यतपासणी, जी या सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, ती होते शेवटी, तीही नाखुशीने. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असतेच, तरी हा उलटा क्रम टिकून आहे, कारण तो कागद पौरुषाचा निकाल मानला जातो. शुक्राणू घडतो कसा हे पाहिले, तर ती फार तर गेल्या अडीच-तीन महिन्यांची नोंदवही ठरते.

वृषणातल्या मूळ पेशीपासून शुक्राणू व्हायला साधारण 70 दिवस लागतात. पुढे अधिवृषणाच्या वेटोळ्या नळीतून सरकताना त्याला पोहण्याची ताकद येते. या प्रवासात पेशी जवळजवळ सगळा संसार टाकून देते. पेशीद्रव गळतो, डीएनएभोवतीची बहुतेक हिस्टोन प्रथिने जाऊन त्यांच्या जागी प्रोटॅमिन येतात, गुणसूत्रे घट्ट आवळली जातात. उरते जेमतेम 5 मायक्रॉन लांबीचे डोके, त्यामागे मायटोकॉन्ड्रियांचे वेढे आणि डोक्याच्या दहापट लांब शेपूट. डीएनए तुटला तर तो सांधण्याची सोय या टप्प्यावर जवळपास नसते. शुक्राणू घडण्याचे काम शरीरापेक्षा 2 ते 4 अंश थंड जागीच नीट चालते, म्हणून आज आलेल्या तापाचा परिणाम काही आठवड्यांनी अहवालात उमटतो. एकाच नमुन्यावरून कुणाला नापास करणे मग निव्वळ अन्याय आहे.

आकडे तरी काय सांगतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत शुक्राणूंची खालची मर्यादा दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख अशी आहे. ज्यांच्या बायकांना 12 महिन्यांच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांपैकी तळाचे 5 टक्के जिथे संपतात, ती ही रेघ. म्हणजे रेघेखालचे काहीजण बापच होते! शिवाय निर्दोष आकाराचे शुक्राणू 4 टक्के असले तरी पुरे मानतात. आणि बाहेर पडलेला शुक्राणूही लगेच फलनक्षम नसतो. स्त्रीच्या प्रजननमार्गात काही काळ राहिल्यावरच त्याला ती क्षमता येते, हे चँग आणि ऑस्टिन यांनी 1951 मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. पुढे त्याच्यावरचे इझुमो हे प्रथिन स्त्रीबीजावरच्या जुनोशी जुळावे लागते. कोट्यवधींची शर्यत आणि पहिला येणारा विजेता, ही गोष्ट शाळेपुरती ठीक. नेहमीच्या वीर्यतपासणीत ही क्षमता किंवा जुळणी दिसत नाही.

आकडा निरर्थक मात्र नाही. तो शून्य असेल किंवा फारच कमी असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. पण इथेच एक आक्षेप येतो: 1992 पासून एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडता येतो, मग कारणे धुंडाळायची कशाला? एक तर त्या उपचारात हार्मोनची इंजेक्शने आणि भूल देऊन स्त्रीबीज काढणे हे सारे बाईच्या अंगावर येते, बिघाड नवऱ्याकडे असला तरी. दुसरे, कारण पुष्कळदा साधे असते. शरीर कमावण्यासाठी घेतलेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचे संदेश बंद पाडते, आणि वृषणात शुक्राणू बनणे थांबते. दंड फुगतात, आकडा शून्याकडे जातो. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांत काही महिन्यांनी उत्पादन परत सुरू होते. पण जिममध्ये काय घेतोस, हे त्याला कुणी विचारलेलेच नसते.