फाकेलाकी

ग्रीक भाषेत एक शब्द आहे. फाकेलाकी. फाकेलोस म्हंजे पाकीट. त्याला ‘आकी’ जोडलं की छोटंसं पाकीट. लेकराला हाक मारावी तसा लाडका शब्द. आणि अर्थ? सरकारी दवाखान्यात ऑपरेशनआधी सर्जनच्या खिशात सरकवायच्या नोटा. आपल्या ‘चिरीमिरी’सारखंच. नाव एवढंसं ठेवलं की गुन्हाही एवढासा वाटतो.

कचेरीतला कागद हलवायला त्यांच्याकडं दुसरा शब्द, ग्रिगोरोसिमो. घाईचं तिकीट म्हणा. आणि पुढाऱ्यानं मतासाठी केलेली मेहेरबानी ती रुसफेती. हा शब्द तुर्कीतून गेलेला, मूळ अरबी. आपली रुशवत त्याच मुळाची.

1983 साली ग्रीसमध्ये कायदा झाला. राष्ट्रीय आरोग्यसेवा सगळ्यांना, सारखी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खाजगी धंदा करायचा नाही. म्हंजे उपचार हा हक्क झाला. कागदावर. पाकीट चालूच राहिलं. घेणारे म्हणतात पगार पुरत नाही. देणारे म्हणतात ही लाच नाय, आभार आहेत.

आभार? आभार माणूस बरं झाल्यावर मानतात. सुरी चालण्याआधी देतात ती भीती.

या फाकेलोसचा दुसरा अर्थ फाईल. 1946 ते 49 च्या यादवी युद्धानंतर पोलिसांनी डाव्या माणसांच्या फायली ठेवल्या. सरकारी नोकरी पाहिजे तर विचार ‘शुद्ध’ असल्याचा पोलिसी दाखला आणा. 1974 ला हुकूमशाही पडली, दाखला गेला. 1989 ला फायलींचे ढीग भट्टीत घातले. ते मोठं पाकीट सरकारनं माणसावर ठेवलेलं. हे छोटं माणूस सरकारी माणसाला देतो. दोन्हींत जे आपलंच आहे त्याच्यापुढं मान खाली घालून उभं राहायचं. मोठं जाळता आलं. छोटं कुठून गोळा करणार? ते प्रत्येकाच्या खिशात.

2010 नंतर तिथं कर्जापायी पगार कापले, पेन्शनी कापल्या. त्या कापलेल्या पेन्शनीतून म्हातारा पाकीट भरतो, तेव्हा गुन्हेगार कोण? घेणारा तर आहेच, त्यावर शाई कशाला खर्चायची. मला देणारा छळतो. ‘नाइलाज होता’ हे खरंच असतं. पण रांग तीच, खाटा तेवढ्याच. एक पुढं सरकला की कुणीतरी मागं जातो. ज्याच्याकडं भरायला काही नाही तोच जातो. हक्काची भाषा बोलणाऱ्यांनी त्याचं काय करायचं?

मी हे वरून बोलत नाही. आईला दवाखान्यात नेली तेव्हा मीही वॉर्डबॉयच्या मुठीत नोटा कोंबल्या. पाकीटसुद्धा नव्हतं. आईचा नंबर अकरावा होता, चौथा झाला. मधल्या सातजणांपैकी एकाचंही तोंड मी बघितलं नाही.